अपघातात चूक तुमचीच, असं विमा कंपनी म्हणाली तर काय करायचं?

गाडी ठोकली गेली की चूक कुणाची यावर पहिला वाद रस्त्यातच होतो. दुसरा वाद काही आठवड्यांनी कंपनीच्या लेटरहेडवर सुरू होतो आणि त्यात आवाज चढत नाही. 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे वाढलेलं नुकसान देय नाही', 'अपघाताची हकीकत नुकसानीशी जुळत नाही', 'दावेदाराचा स्वतःचा निम्मा दोष आहे', अशी त्यातली भाषा असते. ते वाचून बरेच लोक हाय खातात. कंपनी मात्र या वादातली एक बाजू आहे, न्यायाधीश नाही, आणि तिचं म्हणणं खोडता येतं. ज्या कागदांनी ते खोडायचं, त्यांतले बहुतेक अपघातानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत तयार होतात. तेव्हा झाले नाहीत, तर पुढे वकील कितीही चांगला मिळाला तरी तो फार काही करू शकत नाही.

आधी ठरवा: भांडण नक्की कोणत्या दाव्याचं?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं थांबून समजून घ्या.

स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा तुम्ही स्वतःच्या कंपनीकडे करता. याला 'ओन डॅमेज' म्हणतात. सर्वंकष पॉलिसी असेल तर या दाव्यात चूक कुणाची हा प्रश्न जवळपास गैरलागू आहे. तुम्हीच रिव्हर्स घेताना खांबाला धडकलात तरी कंपनी पैसे देते. दारू पिऊन चालवणं, वैध परवाना नसणं, खासगी गाडी भाड्याने फिरवणं असे अपवाद पॉलिसीत लिहिलेले असतात. त्यांत तुम्ही बसत नसाल, तर 'चूक तुमची होती' एवढ्या कारणावर दावा नाकारता येत नाही. दोन्ही गाड्यांचा सर्वंकष विमा असेल तर साधारणपणे दोन्ही कंपन्या आपापल्या ग्राहकाचं नुकसान भरतात आणि दोषाचा विषय तिथेच संपतो. तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र जातो, मग चूक समोरच्याची का असेना. हे अन्यायाचं वाटतं, पण नियम तसाच आहे. त्यामुळे चार-पाच हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम टाकण्याआधी बोनसचा हिशेब करा. तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो.

दुसरा दावा थर्ड पार्टीचा. तुम्हाला इजा झाली, घरातलं कुणी दगावलं किंवा तुमच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर भरपाई समोरच्या गाडीच्या विमा कंपनीकडून मागायची असते. इथे मात्र सगळा खेळ चूक कुणाची यावर असतो. 'अंशदायी निष्काळजीपणा', म्हणजे अपघातात तुमचाही काही वाटा, हा शब्दप्रयोग याच दाव्यात येतो आणि दोष जेवढे टक्के ठरेल तेवढी रक्कम कापली जाते. दहा लाखांची भरपाई ठरली आणि तुमच्या माथी ३० टक्के दोष आला, तर हातात सात लाख पडतात.

दोन्हींचे दरवाजे वेगळे आहेत. स्वतःच्या कंपनीविरुद्ध विमा लोकपाल किंवा ग्राहक आयोग. समोरच्याच्या कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. तुम्ही समोरच्या कंपनीचे ग्राहक नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध लोकपालाकडे गेलात तर अर्ज दारातूनच परत येतो आणि त्यात मोलाचे महिने जातात.

जागेवर आणि पहिल्या दोन दिवसांत

जखमींना दवाखान्यात पोहोचवणं पहिलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार ते चालकाचं कर्तव्य आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत कळवणं आणि विमा कंपनीला लेखी माहिती देणं हेही त्याच कलमात येतं. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन केलात तरी पाठोपाठ ईमेल टाका. पॉलिसी क्रमांक, तारीख, वेळ, जागा, चालकाचं नाव आणि परवाना क्रमांक, जखमी कोण, एवढं पुरे. त्या ईमेलमध्ये चूक कुणाची यावर निबंध लिहू नका.

गाड्या हलवण्याआधी फोटो काढा. लोक बंपरचे जवळून दहा फोटो काढतात आणि रस्त्याचा एकही काढत नाहीत. दोष ठरतो तो रस्त्याच्या फोटोंवरून: दोन्ही गाड्या एकाच चौकटीत, मागे दुभाजक किंवा ओळखीची पाटी, टायर घासल्याच्या खुणा, काचा कुठे सांडल्या, सिग्नल, गतिरोधक, खड्डा, बंद पडलेला दिवा. काचांचा सडा महत्त्वाचा, कारण गाड्या धडकेनंतर सरकतात पण काचा साधारण धडकेच्या जागेच्या आसपास राहतात. समोरच्या गाडीचा नंबर घ्या. तिचा विमा चालू आहे का हे परिवहन खात्याच्या ॲपवर बघता येतं.

साक्षीदार म्हणून सोबतचा मेहुणा फारसा उपयोगाचा नाही. टपरीवाला, पंपावरचा कामगार, मागच्या गाडीतले लोक, यांचे नंबर घ्या. टपरी, पंप, टोलनाका किंवा सोसायटीच्या गेटवर कॅमेरा असेल तर लगेच लेखी अर्ज द्या, एक कॅमेऱ्याच्या मालकाला आणि एक पोलीस ठाण्याला, की अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवा. बहुतेक ठिकाणी जुन्या चित्रणावर नवं चढतं. चित्रण मिळालं की ते देणाऱ्याकडून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र घ्या. त्याशिवाय पेन ड्राइव्ह न्यायाधिकरणात अडकतो. डॅशकॅम असेल तर मूळ कार्ड काढून ठेवा आणि प्रतीवर काम करा.

पोलीस घटनास्थळाचा पंचनामा करतील तेव्हा शक्य असेल तर हजर राहा. रस्त्याची रुंदी, कडेपासूनचं अंतर, गाड्यांची तोंडं कुठल्या दिशेला, हे त्यात नीट उतरतं आहे का ते पाहा. 'अज्ञात वाहनाने' किंवा 'दोन्ही वाहनचालकांनी' असा एक शब्द एफआयआरमध्ये चुकून आला, तरी पुढे वर्षभर त्याचं निस्तरणं करावं लागतं. चूक दिसली तर पुरवणी जबाब द्या, त्याची पोच घ्या.

'आपसात मिटवू' म्हणून चौकात कागदावर सही करून देणं टाळा. 'माझी चूक झाली, खर्च देतो' असं व्हॉट्सॲपवर लिहिणंही टाळा. गर्दी शांत करण्यासाठी टाकलेला तो मेसेज नंतर कबुली म्हणून वाचला जातो.

क्लेम फॉर्म: जिथे बहुतेक दावे बिघडतात

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये इन्शुरन्स डेस्क असतो. तिथला मुलगा मदतीला तत्पर असतो. तुम्ही चहा घेईपर्यंत त्याने फॉर्म भरलेला असतो आणि तुम्ही फक्त सही करता. 'अपघात कसा झाला' या रकान्यात तो त्याचं ठरलेलं वाक्य टाकतो: समोरून कुत्रा आडवा आला, वाचवताना गाडी दुभाजकाला लागली. राज्यभरातल्या क्लेम फॉर्ममध्ये एवढी कुत्री आडवी येतात की कंपनीच्या माणसालाही ते पाठ झालंय.

तुमच्या बाबतीत प्रत्यक्षात दुचाकीवाला उलट दिशेने आला होता आणि एफआयआरमध्ये तसंच लिहिलंय. आता तुमच्या सहीची दोन कागदपत्रं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. कंपनीला आणखी काय हवं? दोन्हींपैकी खरी कुठली हे तिला सिद्ध करायचंच नसतं. विसंगती दाखवली की तिचं काम होतं.

म्हणून फॉर्म स्वतः भरा, स्वतःच्या अक्षरात, मराठीत भरलात तरी चालेल. पाच-सहा वाक्यं: मी कुठून कुठे चाललो होतो, कुठल्या लेनमध्ये, साधारण किती वेगात, समोरचं वाहन कुठून आलं, धडक माझ्या गाडीच्या कुठल्या भागाला बसली, त्यानंतर मी काय केलं. आठवत नसेल ते 'नक्की सांगता येत नाही' म्हणून लिहा. अंदाजे वेग 'साठ' म्हणून सांगायचा आणि मग डॅशकॅममध्ये पंच्याऐंशी निघायचा, यापेक्षा ते शंभर पटीने बरं. सही करण्याआधी फोटो काढून ठेवा आणि पोलीस जबाब, क्लेम फॉर्म, सर्व्हेयरला (नुकसानीची पाहणी करणाऱ्याला) सांगितलेलं या तिन्हींत एकच हकीकत राहील याची काळजी घ्या.

मोठ्या दाव्यात कंपनी तपासनीस पाठवते. तो घरी येतो, गप्पा मारतो आणि शेवटी टाइप केलेला जबाब पुढे करतो, बहुधा इंग्रजीत. समजत नसेल तर सही करू नका, मराठीत लिहून द्या आणि प्रत मागा. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही.

सर्व्हेयर काय बघतो

मोटारीच्या ५० हजारांहून मोठ्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेयर लागतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार नुकसान कळवल्यापासून २४ तासांत त्याची नेमणूक, १५ दिवसांत त्याचा अहवाल आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय अपेक्षित आहे. या मुदती लक्षात ठेवा, त्या पत्रात लिहायच्या कामी येतात. गाडी उघडण्याआधी सर्व्हे झाला पाहिजे. गॅरेजने उत्साहात बोनेट काढून ठेवलं तर वाद तिथूनच सुरू होतो.

स्वतःच्या कंपनीशी चुकीवरून खरं भांडण होतं ते एका ठरावीक जागी. धडकेत रेडिएटर फुटला, तरी चालकाने गाडी तशीच दहा किलोमीटर हाकली आणि इंजिन जॅम झालं. पॉलिसीतली अट सांगते की अपघातानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाच्या जबाबदारीवर. कंपनी बंपर, रेडिएटरचे पैसे देते आणि इंजिनाचे दीड लाख कापते. अशा वेळी ही कपात खोडायची तर कागद लागतो: टोइंगची पावती, गाडी कुठून उचलली त्याची वेळ, शीतकाची गळती लगेच झाली की हळूहळू याबद्दल मेकॅनिकचं लेखी मत, द्रुतगती मार्गावर थांबणं धोक्याचं होतं तर ती जागा. गाडी खरोखरच हाकली असेल आणि तापमानाचा दिवा लागूनही थांबला नसाल, तर इंजिनाचा मुद्दा सोडून बाकीच्यावर लढा. खोटं सांगून सगळाच दावा घालवू नका.

सर्व्हेयरच्या अहवालाची प्रत लेखी मागा. तो अंतिम शब्द नाही. न्यू इंडिया विरुद्ध प्रदीप कुमार या २००९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलं आहे. मात्र तो बाजूला सारायचा तर दुसरा तांत्रिक आधार हवा. दुसऱ्या परवानाधारक सर्व्हेयरचं मत, नाहीतर निदान उत्पादकाच्या अधिकृत गॅरेजचं, फोटोंसह.

नकाराला उत्तर

फोनवरचा नकार हा नकार धरू नका. लेखी मागा, पॉलिसीच्या कुठल्या अटीखाली ते स्पष्ट लिहून. कारण कंपनी एकदा जे कारण लिहिते त्याला ती बऱ्याच अंशी बांधली जाते. नकारपत्रात नसलेलं नवं कारण पुढे खटल्यात काढता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने गलाडा पॉवर (२०१६) आणि सौराष्ट्र केमिकल्स (२०१९) या प्रकरणांत घेतली आहे.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र. रागाचं नको. साधारण असं:

'दावा क्रमांक ____ बाबत आपल्या दि. ____ च्या पत्रात चालकाच्या निष्काळजीपणाचं कारण दिलं आहे. माझी पॉलिसी ओन डॅमेज संरक्षणासह आहे. तिच्यातील कोणत्या अपवादात हे कारण बसतं, हे पत्रात नमूद नाही. अपघाताच्या वेळी चालकाकडे वैध परवाना होता (प्रत जोडली आहे). एफआयआर, घटनास्थळ पंचनामा आणि क्लेम फॉर्ममधील हकीकत एकच आहे (प्रती जोडल्या आहेत). सर्व्हेयरच्या अहवालाची प्रत अद्याप मिळालेली नाही, ती द्यावी. नकार मागे घेऊन रु. ____ अदा करावेत, अन्यथा मी विमा लोकपालांकडे दाद मागेन.'

एका पानात संपवा. प्रत्येक मुद्द्याला एक कागद जोडा, ज्याला कागद नाही तो मुद्दा लिहू नका. कंपनीने दोन आठवड्यांत उत्तर द्यायला हवं. हीच तक्रार नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर टाका, किंवा १५५२५५ या फोन नंबरवर नोंदवा. पोर्टलवरून कंपनीला ढुशी बसते, पण नियामक स्वतः निवाडा करत नाही, हे लक्षात असू द्या.

लोकपाल की ग्राहक आयोग?

कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, की विमा लोकपालाकडे जाता येतं. अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी. फी नाही, वकीलही नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाण्याला कार्यालयं आहेत. तुमचा जिल्हा कुणाकडे येतो ते लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावर बघा, ऑनलाइनही दाखल करता येतं. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर पुढचा रस्ता मोकळा राहतो. माझं मत विचाराल तर खासगी गाडीच्या, कागद नीट असलेल्या वादासाठी आधी लोकपालच बरा. फक्त तेच प्रकरण आधी न्यायालयात किंवा आयोगात गेलेलं नसावं.

साक्षीपुरावे उलटतपासून बघायचे असतील, किंवा मनस्तापाची भरपाईही हवी असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. विम्यात आयोगाची हद्द भरलेल्या हप्त्यावरून ठरते, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक गाडीचा वाद जिल्हा आयोगातच बसतो, आणि हप्ता पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ऑनलाइनसाठी 'ई-जागृती' पोर्टल आहे.

समोरच्याची कंपनी तुमच्यावर टक्केवारी टाकते तेव्हा

इथे न्यायाधिकरण. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज अपघातापासून ६ महिन्यांत करायचा असतो. या मुदतीवर सर्वोच्च न्यायालयात वाद चालू आहे, पण त्या भरवशावर राहू नका. अर्ज अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे, कुठेही करता येतो. नाशिकच्या माणसाला सोलापूरजवळच्या अपघातासाठी सोलापूरला खेटे घालावे लागत नाहीत.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. सविस्तर अहवालात घटनास्थळाचा नकाशा आणि गाड्यांची यांत्रिक तपासणी असते. त्याची प्रत मिळवा आणि नकाशा स्वतःच्या फोटोंशी ताडून बघा. त्यानंतर कंपनीच्या अधिकाऱ्याकडून तडजोडीचा आकडा येतो. त्यात दोषाची कपात किती धरली हे विचारा. कपात बहुधा आकड्याच्या पोटात लपलेली असते.

दोषाबद्दल कंपन्या ठरावीक युक्तिवाद करतात. त्यांची उत्तरंही ठरलेली आहेत, ती वकिलाला आठवण करून द्या.

पंचनाम्यात गाडी रस्त्याच्या मधोमध दाखवली आहे म्हणून तुमचा दोष? जिजू कुरुविला प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अपघातानंतर गाड्या कुठे होत्या एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. परवाना नव्हता म्हणून? सुधीर कुमार राणा (२००८) सांगतो की परवाना नसणं हाच अंशदायी निष्काळजीपणा नव्हे. दुचाकीवर तिघे होते म्हणून? मोहम्मद सिद्दीकी (२०२०): तिघे बसल्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली असं दाखवावं लागतं, नुसतं बसणं पुरत नाही.

मागून धडक बसली तर मागच्याचाच दोष, हा समज अर्धाच खरा. २०२५ च्या एस. मोहम्मद हक्किम प्रकरणात कारचालकाने महामार्गावर इशारा न देता अचानक ब्रेक दाबला, मागचा दुचाकीस्वार कारला धडकून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. सर्वोच्च न्यायालयाने कारवर ५०, बसवर ३० आणि दुचाकीस्वारावर २० टक्के दोष ठेवला. म्हणजे तुम्ही मागे असाल तरी समोरचा का थांबला, ब्रेकलाइट लागला का, कडेला गाडी लावली असेल तर इंडिकेटर होते का, हे विचारणं सोडू नका. सुरक्षित अंतर तुम्ही ठेवलं होतं का, हे मात्र तुम्हालाही विचारलं जाईल.

तुम्ही फक्त प्रवासी होता, तर चालकाचा दोष तुमच्या माथी येत नाही. दोन्ही गाड्यांची चूक असेल तर तुम्ही कुठल्याही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकता. खेन्येई विरुद्ध न्यू इंडिया (२०१५) यात ते स्पष्ट झालंय. कंपन्यांनी आपसातली वाटणी नंतर करावी.

पुराव्याची पातळी फौजदारी खटल्याइतकी कडक नसते, कुठली शक्यता जास्त एवढंच न्यायाधिकरण बघतं. म्हणून तो एक टपरीवाला साक्षीदार खूप मोलाचा.

तुम्हीच आरोपी असाल तर

तुमच्या गाडीखाली कुणी जखमी झालं तर तुमची कंपनी तुमच्या बाजूने उभी राहते, पण तिचे आणि तुमचे हितसंबंध नेहमी एक नसतात. परवाना, परमिट किंवा फिटनेसमध्ये खोट निघाली तर न्यायाधिकरण कंपनीला सांगू शकतं की आधी जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. ही वसुली घरावर येऊ शकते. त्यामुळे समन्स आलं की 'कंपनी बघेल' म्हणून कपाटात टाकू नका. स्वतः हजर व्हा, लेखी म्हणणं द्या, आणि परवान्याची मूळ प्रत सांभाळा. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांच्या आतलं मालवाहू वाहन चालवलं म्हणून कंपनी हात वर करत असेल, तर ६ नोव्हेंबर २०२४ चा रंभा देवी प्रकरणातला घटनापीठाचा निकाल दाखवा. असा परवाना चालतो.

फौजदारी न्यायालयात 'गुन्हा कबूल करा, दंड भरा, सुटा' असा सल्ला मिळतो. तसं करण्याआधी दाव्याच्या वकिलाला विचारा, कारण ती कबुली न्यायाधिकरणात तुमच्याविरुद्ध वाचली जाऊ शकते.

निकाल विरोधात गेला तर उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील, वादातली रक्कम एक लाखापेक्षा कमी नसेल तरच. लोकअदालतीत मिटवलंत तर अपील नाही. म्हणून लोकअदालतीच्या टेबलावर आकडा मान्य करण्याआधी दोषाची टक्केवारी किती धरली आहे ते पुन्हा एकदा विचारून घ्या आणि तडजोडीच्या कागदावर लिहायला लावा.